तुम्ही विचारलंत म्हणून : रंगवलेल्या पाइपवर सोल्युशन

कराडला आमचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. एखाद्या घराला नवा रंग लागला, की वर्षा-दोन वर्षांत त्या घरातलं कुणीतरी गळका पाइप घेऊन दुकानात येतंच. प्रश्नही ठरलेला. "वहिनी, पाइपवर रंग बसलाय. तसंच वरनं सोल्युशन लावलं तर नाही का चालणार?"

नाही चालणार. पण नुसतं "नाही" म्हटलं की माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि वरनंच लावतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

सोल्युशन म्हणजे प्लास्टिकचे पाइप जोडायचं रसायन. त्याला लोक गम म्हणतात, तिथंच सगळी गोची आहे. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून दोघींना धरून ठेवतो. सोल्युशनचं काम निराळं. त्या डब्यात टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्सॅनोन असे उडून जाणारे द्रावक असतात आणि त्यांत विरघळवलेलं थोडं प्लास्टिक. पाइपला लावलं की पाइपची कातडी मऊ पडते, कपलरची, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या नळकांड्याची, आतली बाजूही मऊ पडते, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की तिथं एकच तुकडा उरतो. नीट बसलेला सांधा म्हणूनच सोडवता येत नाही, कापावा लागतो. आता मध्ये रंग असला तर मऊ कोण पडणार? रंग. कपलर रंगाला चिकटणार, आणि रंगानं पाइपला जेवढं धरलंय तेवढीच त्या सांध्याची ताकद.

हे शहाणपण मला दुकानात आलं नाही, घरच्या गच्चीवर आलं. टाकीकडे जाणारा पाऊण इंची पाइप उन्हानं तडकला होता. रंगाऱ्यानं भिंतीबरोबर त्यालाही गुलाबी करून टाकलेलं. पुतण्या म्हणाला, "काकू, प्लंबर कशाला? मी करतो." तडकलेला भाग कापून त्यानं दोन कपलर बसवले. दिसायला काम झकास. तिसऱ्या दिवशी पहाटे मोटर लावली आणि पाचेक मिनिटांत जिन्यावरून पाणी. वर जाऊन बघते तर वरचा कपलर पाइपवरून अलगद निसटलेला. हातात घेऊन आत पाहिलं, तर कडेकडेनं गुलाबी बांगडी! रंग पाइप सोडून अख्खाच्या अख्खा कपलरला जाऊन चिकटला होता. आणि पाइपचं टोक? रंगाऱ्याचा हात लागण्यापूर्वी असेल तसं, स्वच्छ मोतिया. म्हणजे सोल्युशननं आपलं काम चोख केलं होतं, फक्त भलत्याच वस्तूवर.

तर रंग काढायचा. आधी कपलर पाइपशेजारी धरून पेन्सिलीनं खूण करायची. पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) पाइप जेमतेम १८ मिलिमीटर आत जातो. खुणेच्या पुढं आणखी बोटभर साफ करायचं. हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, जुनं ब्लेड घ्यायचं, पण दात्यांची बाजू नव्हे, पाठ. ती पाइपवर काटकोनात उभी धरून आपल्याकडे ओढायची, गाजर खरवडल्यासारखी. इमल्शन असेल तर सालीसारखं निघतं. ऑइलपेंट चिवट असतो, त्याची पूड पडते. रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून तिथं पाणी मारून ओलंच घासा आणि तोंडाला नुसता रुमाल नको, धुळीचा चांगला मास्क लावा.

खरी परीक्षा पाइपच्या मागच्या अंगाला. भिंत आणि पाइप यांच्यात बोट जाईल एवढीच फट. रंगाऱ्याचा ब्रश तिथं अर्धवट पोचलेला, म्हणजे निम्म्या घेराला रंग, निम्म्याला नाही, वर प्लास्टरचे शिंतोडे. समोरून पाइप लख्ख दिसतो आणि गळती मागून लागते. त्याला उपाय सोपा आहे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरची दोन बोटं रुंदीची पट्टी फाडायची, पाइपमागून घालायची, दोन्ही टोकं धरायची आणि रवीची दोरी ओढावी तशी आळीपाळीनं ओढायची. ताक घुसळलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

मात्र घासण्याची हौस नको. फिटिंग आतून किंचित निमुळतं असतं, पाइप त्यात घट्ट बसावा म्हणून. सोल्युशन न लावता घालून बघा : पाइप एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडला पाहिजे. सैलपणे तळाला टेकला तर तुम्ही रंगाबरोबर पाइपही उतरवलात. एकाच जागी घासून चपटा पाडलात तर पाणी नेमकं तिथूनच वाट काढणार. अशा वेळी हळहळत बसू नका, तेवढं टोक कापा आणि पुढं नव्यानं सुरू करा.

खरवडण्याचा आणखी एक फायदा मी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगते. रंगाखाली कुठला पाइप आहे ते कळतं. मोतिया रंगाचा सीपीव्हीसी असेल तर पाइपवरच्या छापील ओळीत आयएस १५७७८ हा मानकाचा क्रमांक सापडेल, घरातल्या पांढऱ्या यूपीव्हीसीवर (गार पाण्याचा पाइप) बहुधा एएसटीएम डी १७८५, आणि सांडपाण्याच्या राखाडी पाइपवर आयएस १३५९२. सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं येतं. मापंही वेगळी : पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून २२.२ मिलिमीटर, तर पाऊण इंची यूपीव्हीसी २६.७. "गुलाबी पाइपचं कपलर द्या" म्हणणाऱ्याला मी काय देऊ? पाइपचा एक तुकडा खरवडून आणा, दोन खेपा वाचतील.

आता पुसायचं कशानं? रॉकेल आणि टर्पेंटाइननं नको, दोन्ही तेलकट पापुद्रा ठेवून जातात. पीव्हीसीचा प्रायमर (सोल्युशनच्या आधी पाइपला लावायचा, रंगाचा नव्हे) मिळाला तर उत्तम, नाहीतर चिंधीवर थोडं अॅसिटोन घेऊन एक हात फिरवायचा. चिंधी पाइपवर गुंडाळून ठेवायची नाही, अॅसिटोन प्लास्टिकलाही मऊ करतं. एका ताईंनी नेलपॉलिश रिमूव्हर वापरला होता. त्यात नखांसाठी तेल घातलेलं असतं, शिवाय काही बाटल्यांत अॅसिटोन नसतंच. लोखंडी ग्रिलचा रंग काढायचं ते दाट पेंट रिमूव्हर तर पाइपजवळ आणूच नका, त्यातली काही रंगाबरोबर पाइपही खातात. आणि ब्लो टॉर्च? आमच्याकडचे काही जुने हात अजूनही कागद पेटवून पाइपचं टोक शेकतात आणि दुसरा पाइप आत बसेल असं रुंद करतात. ते बघून लोकांना वाटतं, रंगही जाळून काढू. पण तसं केलं की पाइप गोल राहत नाही, आणि पीव्हीसी जळला की निघणारा धूर घशाला झोंबतो.

पाइपला रंग देऊच नये का, असंही विचारतात. द्या की. गच्चीवरच्या पाइपला उन्हापासून आडोसाच होतो, फक्त पाण्यात कालवायचा रंग द्या, ऑइलपेंट नको. बिनरंगाचा पाइप उन्हात राहिला तर त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते. तीसुद्धा सोल्युशनच्या आड येते, तेव्हा पॉलिश पेपर काही चुकत नाही.

एवढं झालं की पुढचं काम अर्ध्या मिनिटाचं. दोन्हीकडं सोल्युशन, पाव वळसा देऊन तळापर्यंत दाबायचं आणि तसंच धरून ठेवायचं. लगेच सोडलं तर निमुळतेपणामुळं पाइप हळूच मागं सरकतो. मोटर लावायची घाई करू नका, डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. पावसाळी हवेत त्याहून थोडा जास्तच.

तो गुलाबी बांगडीवाला कपलर माझ्या गल्ल्याच्या खणात आहे. कुणी "वरनंच लावलं तर" म्हणालं की काढून हातात देते. पुतण्या दुकानात असला की म्हणतो, "काकू, फेका की ते आता." अजून तरी फेकलेलं नाही.