चार आण्यांचं वजन

वहीच्या कोऱ्या पानावर ‘बजेट रु. १०,०००’ असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या, तेव्हा रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल घरात आलेलंच होतं. न्यू जर्सीतला मावसभाऊ घर बदलत होता. तळघरात पडून असलेलं, पट्ट्यावर फिरणारं १९७०च्या दशकातलं यंत्र त्यानं दोन जीन्समध्ये गुंडाळून आणलं. वरची जड थाळी हँडबॅगेत होती. विमानतळावर तीन जणांनी ती उलटीपालटी करून पाहिली म्हणे. ‘फुकटच आहे, लाव आणि ऐक,’ असं सांगून तो रंकाळ्यावर भेळ खायला गेला.

लाव आणि ऐक! माळ्यावर अण्णांच्या साठेक रेकॉर्डी होत्या. कोल्हापूरचे कित्येक पावसाळे खाऊन त्यांच्यावर बुरशीची पांढरी नक्षी उमटलेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून मऊ फडक्यानं गोल गोल पुसलं की एलपी स्वच्छ होते. लेबल मात्र कोरडं ठेवायचं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या मी पहिल्याच दिवशी बाजूला काढल्या. त्या लाखेच्या. बांगड्यांची असते तीच लाख. स्पिरिटनं पुसायला गेलं तर विरघळायची. शिवाय त्यांच्या खाचा रुंद, त्यांना सुई वेगळी लागते. ते प्रकरण पुढच्या दहा हजारांचं.

पट्टा विटून चिक्कीसारखा कडक झाला होता. नवा ४५० रुपयांना आला. घरातल्या बंद पडलेल्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी स्पीकर धडधाकट होते, त्यांच्यासाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, १,८५०. अमेरिकन यंत्राला ११०-१२० व्होल्ट लागतात म्हणून ट्रान्सफॉर्मर, १,१००. सगळं जोडलं, सुई टेकवली. स्पीकरमधून डब्यात कोंडलेल्या डासासारखा आवाज आला. गाणं कोणतं तेसुद्धा कळेना.

दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अडाणीपणाचा होता. खर्जाचा आवाज आहे तेवढ्या ताकदीनं कोरला, तर खाच इतकी नागमोडी जाते की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवून ठेवतात. वाजवताना ते उलट फिरवून मूळ पदावर आणायचं. किती दाबायचं नि किती चढवायचं, याचं माप अमेरिकेत १९५४ साली ठरलं आणि पुढं जगभर तेच चाललं. त्यात सुईकडून येणारा विजेचा दाब अगदी क्षीण, पाच मिलिव्होल्टच्या आसपास. त्याला आधी फोनो प्रीअ‍ॅम्प नावाच्या डबीतून न्यावं लागतं. डबी आली, १,४००. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्याकडे पाहून ही म्हणाली, ‘एवढ्याशा डबीचे चौदाशे?’ मी वही मिटली.

आता आवाज भरदार आला. तबला वाजतोय, पेटी वाजतेय आणि पेटीबरोबर कुणीतरी घोगऱ्या आवाजात निवांतपणे गातंय. आतल्या खोलीतून अण्णा आले. ‘हा पुरुष कोण गातोय?’

रेकॉर्ड बाईंची होती. बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषानं, नेसलेल्या शालूची तऱ्हा बायकांनी उचलली त्या महाराष्ट्रात बाईचा पुरुष ऐकायची वेळ माझ्या यंत्रानं आणली होती.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो. वीज सेकंदाला किती हेलकावे घेते, ते त्याच्या हातात नसतं. अमेरिकेत ६०, आपल्याकडे ५०. या जातीची मोटर व्होल्टकडे बघतच नाही, हेलकाव्यांच्या तालावर फिरते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी थाळी माझ्या घरी पावणेअठ्ठावीसच घेत होती. गाणं रेंगाळतं आणि सूर पेटीच्या तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच उतरतो, काळी पाचची गायिका पांढरी पाचच्याही खाली. मावसभावाला फोन केला तर म्हणतो, ‘ख्याल वाटत असेल ना मस्त?’

उपाय साधा होता. मोटरच्या दांड्यावरची पुली १.२ पट जाड करायची. साधा म्हणजे कागदावर. एवढीशी पितळी पुली, तिला दोन पायऱ्या, एक ३३⅓ची आणि एक ४५ची. ती घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. या भागात ऑइल इंजिनापासून काय काय तयार झालंय, त्यामुळे लेथवाल्याच्या चेहऱ्यावर नवल दिसेल ही अपेक्षाच चुकीची. त्यानं पुली बोटांत फिरवली, उजेडाकडे धरली. ‘मधी फुगवटा हाय बघा. ठेवायचा न्हवं?’

मला फुगवटा दिसलाच नव्हता. पट्टा निसटू नये, आपोआप मध्यावर यावा म्हणून पुली पोटाला किंचित फुगीर ठेवतात. ‘पिठाच्या गिरणीचं बी आसंच असतंय,’ तो म्हणाला. १९७०च्या दशकातल्या परदेशी इंजिनिअरांनी आणि आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानं एकच युक्ती वापरली होती. तीनशे रुपये आणि दोन कटिंग चहा. पहिल्या पुलीचं भोक केसभर बाजूला गेलं होतं. गाण्यात ते कळलं नसतं, पण मागच्या तंबोऱ्यानं चुगली केली, षड्ज पाण्यावरच्या होडीसारखा डुलायला लागला. दुसरी पुली, आणखी तीनशे. चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

गती बरोबर आली का हे पाहायची पद्धत मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडली. कागदाच्या चकतीवर कडेनं सारख्या अंतरावर १८० रेघा छापायच्या. आपल्या विजेवरची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही एवढंच. थाळी बरोबर ३३⅓नं फिरत असेल, तर त्या उजेडात फिरत्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. घरात सगळे एलईडी, त्यांच्या उजेडात रेघा थांबेनात. जुन्या चोकची ट्यूब फक्त सोसायटीच्या जिन्यात उरली होती. रात्री दहा वाजता वायर ओढून टर्नटेबल जिन्यात मांडलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी कचऱ्याची बादली घेऊन उतरल्या, आम्हा बापलेकांना गुडघ्यांवर वाकून बसलेलं पाहिलं आणि ‘काय सांडलं का?’ म्हणून त्याही वाकल्या. रेघा थांबल्या तेव्हा तिघांनी मिळून पाहिल्या.

इथे मला व्हॉयेजर आठवतं. १९७७ साली दोन यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या अंतराळात गेल्या. त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. बाई गोव्यातल्या केरीच्या, आणि त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, म्हणजे ती रेकॉर्ड थोडी आमचीही. नासानं सोबत सुई आणि ती जिच्यात बसते ती डबी, म्हणजे कार्ट्रिज, दिलं, वाजवायची कशी त्याची चित्रंही वेष्टनावर कोरली. टर्नटेबल मात्र दिलं नाही. परग्रहावरच्या कुणा गरजूला मोटर, पट्टा, पुली स्वतःच जमवायचीय. गतीही निराळी, ३३⅓च्या निम्मी. त्याच्या जवळपास उद्यमनगर असलेलं बरं.

राहिली सुई. तिच्यावर मी सगळ्यात जास्त पैसे घातले, २,२०० रुपये, आणि तिथं काटकसर केली नाही याचं समाधान आहे. रेकॉर्डला प्रत्यक्ष शिवते ती एकटी. बाकी चुकलं तर बदलता येतं, बोथट सुईनं खाच खरवडली की ती गेली. तिचा भार दोन ग्रॅम हवा. तो मोजायला गुजरीतल्या सराफ मित्राचा खिशातला काटा मागून आणला. ‘दोन ग्रॅम?’ तो म्हणाला. ‘बारशाच्या रिंगा होतात एवढ्यात.’ काट्यानं आधी भलताच आकडा दाखवला, कारण पारडं पोलादी आणि कार्ट्रिजमध्ये लोहचुंबक. मध्ये खोडरबर ठेवून काटा शून्यावर आणला, तेव्हा खरं वजन मिळालं. खाली कडप्प्याचा उरलेला तुकडा, त्यावर टर्नटेबल, वर गवंड्याची पाणसळ. बुडबुडा मधोमध. वहीत बेरीज ७,६०० झाली.

अण्णा हे सगळं खुर्चीतून पाहत होते. ‘दोन ग्रॅम, दोन ग्रॅम काय लावलंय,’ ते म्हणाले. ‘आपल्या जुन्या प्लेअरला मी चार आणे ठेवायचो सुईच्या डोक्यावर. त्याशिवाय ती भैरवी पुढं सरकायची नाही.’

ते मलाही आठवत होतं. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत चरा होता. सुई तिथं अडकायची, तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा. मग कुणीतरी उठून बोटानं ढकलायचं. आमच्या घरात ते गाणं गुणगुणतानाही सगळे त्या जागी अडखळायचे.

तीच रेकॉर्ड लावली. बाई आता बाईच्या आवाजात गात होत्या. अस्ताई झाली. अण्णा उठले, देव्हाऱ्याच्या खणातून काहीतरी काढलं आणि टर्नटेबलजवळ येऊन उभे राहिले. मुठीत चार आण्यांचं नाणं होतं, २०११ सालीच चलनातून गेलेलं. अंतरा सुरू झाला. पहिली ओळ. अण्णांनी अंगठा आणि तर्जनीत नाणं धरून हात पुढं केला.

सुईनं ‘टक्’ असा बारीक आवाज केला आणि ती पुढं गेली. दुसरी ओळ पुरी झाली. तिच्या शेवटी एक छोटी मुरकी होती. ती आमच्यापैकी कुणी कधी धड ऐकलीच नव्हती.

अण्णांचा हात तसाच पुढं होता. ‘मागं घे,’ ते म्हणाले. ‘परत लाव ते.’