दीड पट्टी वर गेलेला ट्रॅक

पुण्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगला साउंड लावत होतो. बँड ऑडिशन घेऊन जमवलेला. ड्रममागे आठ कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे खोके, रचले होते, त्यातल्या सहांत स्पीकरच नव्हते. त्याचं मला वावडं नाही. 'किस' या अमेरिकन रॉक बँडचा मेकअपही कुणाला फसवत नाही, तो उघड दिसतो.

गोम होती बँडसोबत वाजणाऱ्या, लॅपटॉपवरच्या आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकमध्ये. लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या इंटरफेसचे आठ आउटपुट: क्लिक (ताल धरायची टिकटिक), क्यू (पुढे काय येतंय ते सांगणारा आवाज), सिंथचे दोन, पर्कशनचे दोन, सातवा कोरस, आठवा मुख्य गायकाचा रेकॉर्ड केलेला आवाज. क्लिक आणि क्यू फक्त कानातल्या मॉनिटरला.

साउंडचेकला पहिल्याच गाण्यात ड्रमर थांबला. "दादा, क्लिक पळतोय." गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, टॅप करून मोजलं तर १३० च्या वर. ट्यूनर गिटार बरोबर दाखवत होता, तरी ट्रॅकशी सूर जुळेना. ट्रॅक जवळजवळ दीड पट्टी वर. असं दीडचं अंतर दिसलं की आधी क्लॉक बघायचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने वाजतायत ते: ४८ भागिले ४४.१ म्हणजे १.०८८. सेशन ४४.१ चं आणि इंटरफेस ऑप्टिकल केबलवरून कन्सोलच्या (मिक्सरच्या) ४८ च्या क्लॉकवर चाललेला.

कन्सोल ४४.१ वर नेला तर स्टेजबॉक्स, म्हणजे स्टेजवरच्या केबल्स कन्सोलला जोडणारा खोका, पुन्हा त्या क्लॉकवर लॉक होईपर्यंत सगळं बंद, आणि गेट उघडायला तासभरच उरलेला. म्हणून ऑप्टिकल केबल काढली, इंटरफेस स्वतःच्या क्लॉकवर टाकला, आठही आउटपुट डीआय बॉक्समधून (सिग्नल माइकच्या इनपुटजोगा करणारी डबी) साध्या केबलने स्टेजबॉक्सला दिले. वीस मिनिटं गेली. सेशनच्या सुरुवातीला दहा सेकंद ४४० हर्ट्झचा सूर, म्हणजे ए, टाकून ठेवावा. ट्यूनरवर ए आला नाही, तर क्लॉक चुकलाय हे तिथेच कळतं.

पण तोवर हॉलमधल्या सगळ्यांनी एक गोष्ट ऐकली होती. गायक आपल्या पट्टीत गात होता आणि त्याचाच दुसरा आवाज दीड पट्टी वरून येत होता. एरवी हे दोन आवाज एकावर एक बसतात, कुणाला पत्ता लागत नाही. सिंथ, पर्कशन ट्रॅकवरून वाजले तर माझी हरकत नाही. मुख्य गळा मात्र समोरच्या माणसाचाच हवा. द मंकीज हा साठच्या दशकातला अमेरिकेतला बँड टीव्ही मालिकेसाठी जमवलेला, पहिल्या रेकॉर्डवर वाजवणारे बहुतेक स्टुडिओतले. तरी १९६७ च्या तिसऱ्या अल्बमवर त्यांनी भांडून बरंचसं स्वतः वाजवलं. जमवलेल्या बँडलाही ते करता येतं.

मॅनेजर म्हणाला, आठवा आउटपुट चालू ठेवा. गायक कन्सोलपाशी आला. "दादा, म्यूट करा. उड्या कमी मारतो."

म्यूट केला. त्याच्या माइकचा गेन तीन डीबी वाढवला, वेजमधला (त्याच्या पायापाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधला) आवाज थोडा उतरवला, फीडबॅक नको म्हणून. तिसऱ्या गाण्यात रॅम्पवरून धावत आला आणि अंतऱ्याची दुसरी ओळ श्वासाअभावी अर्धीच राहिली. बेसवाल्याने पुढे होऊन ती आपल्या माइकवर पूर्ण केली.