तुम्ही विचारलंत म्हणून: नवरा ‘ठाण्याला टाकीन’ म्हणतो तेव्हा

मी वकील आहे हे कळलं की वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर, हळदीकुंकवाला, लोकलच्या लेडीज डब्यातसुद्धा कुणीतरी हळूच विचारतं, “ताई, हे भांडण झालं की ठाण्याला, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, टाकीन म्हणतात. खरंच टाकू शकतात का हो?”

नुसत्या नवऱ्याच्या शब्दावर, नाही. एके काळी टाकता येत असे. अमेरिकेत इलिनॉयमध्ये एलिझाबेथ पॅकार्डला १८६० साली तिच्या पाद्री नवऱ्याने धर्ममतं पटत नाहीत म्हणून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. बायकोच्या बाबतीत सुनावणीची गरजच नव्हती. तीन वर्षांनी ती सुटली, तर नवऱ्यानं घरात कोंडलं. १८६४ मध्ये ज्यूरीने सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं.

आपल्याकडे आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. बाई उलट बोलते, पूजा करत नाही, माहेरी निघून जाते, हा आजार धरता येत नाही. पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि बाई दाखल झाली की तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा दाखल करण्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं.

पण एक फट आहे. असं दाखल करण्यासाठी अर्ज करतो तो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे उपचारांच्या बाबतीत तुमच्या वतीने बोलणारी व्यक्ती. तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर ते काम सहसा नातेवाइकाकडे, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याकडेच, जातं. नेमणूक साध्या कागदावर होते: तुमची सही किंवा अंगठा, आणि त्या व्यक्तीची लेखी संमती. बहीण, मैत्रीण, कुणीही सज्ञान चालेल. माझं विचाराल तर हा कागद लग्नाच्या नोंदणीच्या दिवशीच करावा. सासूबाईंना नाही पटणार. नको पटू दे.

खरी भीती मला इस्पितळापेक्षा फायलीची वाटते. डॉक्टरची जुनी चिठ्ठी पुढे घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेली निघते. तिथेही नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. तो इतका तीव्र आहे की सोबत राहणं अशक्य, हे सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे सांगितलंय.

आणि कुणाला आधीच कोंडलं असेल, तर इस्पितळातल्या बाईने मंडळाकडे अर्ज करावा, बाहेरच्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असं सांगणारा अर्ज. वकिलाची फी नसेल तरी अडत नाही. विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न विचारता मोफत वकील देतं.