तोजीच्या बाजारात बाणांचे फाळ

क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. जुने किमोनो, किटल्या, लोणची, रोपं, सगळी एकच झुंबड. त्यात एका आजोबांच्या निळ्या फडक्यावर गंजलेले बाणांचे फाळ दिसले, आणि मी फतकल मारूनच बसलो.

पहिला उचलला तो कारिमाता. दोन फाट्यांचा, आ वासलेल्या अडकित्त्यासारखा. धार मात्र आतल्या बाजूला. शिकारीत तो चाले. शेजारी यानागिबा, अरुंद आणि सरळ आत घुसणारा. पण पात्यांपेक्षा मला त्यांच्या शेपट्यांनी गुंतवलं. काही शेपट्या पात्याहून लांब, टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. शेपटी बांबूच्या पोकळीत खोचायची आणि तोंडाशी दोरा घट्ट गुंडाळून वर उरुशी झाडाच्या चिकाचा लेप द्यायचा, म्हणजे बाण आदळला तरी बांबू फाटत नाही.

आजोबांनी न बोलता भिंग पुढे केलं. शेपटीवर छिन्नीने कोरलेली पुसट अक्षरं! लोहाराची सही. म्हणजे बाण जोडला की सही बांबूच्या आत गडप. तलवारी घडवणारे लोहार फाळही घडवत, तेव्हा पोलाद तापवून ठोकणं, पाणी देणं, घासणं, सगळे सोपस्कार तसेच. तेही सुटला की परत न येणाऱ्या वस्तूसाठी!

१५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदूक आली आणि रणांगणावरचं धनुष्याचं महत्त्व ओसरत गेलं. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) तळहातापेक्षा मोठे, चेरीच्या फुलांची जाळी कोरलेले फाळ घडू लागले, ते देवाला वाहायला आणि भेट द्यायला. दिसायला देखणे, यात वाद नाही. पण मला विचाराल तर तो गंजका कारिमाताच खरा.

दुपारी क्योतोतल्याच सान्जुसान्गेन्दो मंदिरात गेलो. सुमारे १२० मीटर लांब पडवी, डोक्यावर छप्पर, आणि त्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत बाण मारायचे! १६८६ मध्ये वासा दाइहाचिरो या धनुर्धराने एका दिवस-रात्रीत १३,०५३ बाण सोडले, त्यातले ८,१३३ पार गेले. खांद्याचं काय झालं असेल, देव जाणे.

बाण सुटताना पाहायचे असतील तर कामाकुरा शहरातल्या त्सुरुगाओका हाचिमांगू या देवस्थानात परंपरेने १६ सप्टेंबरला याबुसामे असतो: धावत्या घोड्यावरून तीन लाकडी लक्ष्यांवर बाण मारायचे. दोरीजवळची जागा हवी असेल तर सकाळीच जाऊन बसा.