मृगाआधी कौलं परतताना

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर गेली काही वर्षं नुसत्या डागडुजीवर चाललं होतं. फुटलं तेवढं कौल बदलायचं, गळलं तिथे खाली बालदी ठेवायची. यंदा मे महिन्यात रजा काढून गेलो ते सगळी कौलं उतरवून नव्याने शाकारायचं ठरवूनच. वाडीत बऱ्याच घरांवर आता पत्रा आलाय आणि मलाही सगळे तेच सांगत होते. मला ते पटत नाही. पत्रा उन्हाळ्यात घर तापवतो आणि पावसात घरातल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. कौलारू छपराला कष्ट पडतात हे खरं, पण त्यातलं एक कौल गेलं तर एकच बदलावं लागतं.

कामाला शेजारचे आप्पा आले. त्यांचा जन्म याच कामात गेलाय. शिडी लावायच्या आधी ते मला माजघरात घेऊन गेले. "दारं-खिडक्या लाव सगळ्या आणि वर बघ," म्हणाले. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. अंधारात छपरभर उजेडाचे ठिपके दिसायला लागले. प्रत्येक ठिपक्याजवळच्या वाशावर आम्ही खडूने खूण केली. गळतं तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही. पाणी रिपेवरून, म्हणजे कौलं ज्या आडव्या पट्टीवर टेकतात तिच्यावरून, वाशावर येतं, वाशाच्या उताराने खाली सरकतं आणि कुठेतरी भलतीकडेच टपकतं. आमच्या देवघरासमोरच्या गळतीचं मूळ पार आढ्यावर निघालं. तिथल्या कोन्यांचा, म्हणजे आढ्यावर बसवतात त्या कौलांचा, सिमेंटचा जोड सुटला होता.

सगळ्यात वेळ गेला तो कौलं निवडण्यात. मंगळुरात 1865 साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे अशा कारखान्यांची रांगच लागली. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. आपण सरसकट मंगळुरी कौल म्हणतो, पण एका साच्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, कड जराशी उचललेली राहते. सरळ पडणारा पाऊस तिथून आत येत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येणारा हमखास येतो. आमच्या छपरावर वर्षानुवर्षं मिळेल ते कौल घुसवलेलं. आप्पांनी उतरवलेलं प्रत्येक कौल उलटं करून पाठीवरचं नाव बघितलं आणि अंगणात वेगवेगळे ढीग लावले. बोटाने टिचकी मारायची, खणखणीत वाजलं तर ठेवायचं, भद्द आवाज आला तर बाजूला. चांगली जुनी कौलं मुख्य छपरावर गेली, नवी आणलेली सगळी एकत्र पडवीवर. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात. त्यावर थोडी जास्तच आणावीत, कारण पुढच्या वर्षी तोच साचा दुकानात असेलच असं नाही.

लाकूड बघायची वेळ हीच. वरून ठीक दिसणारे दोन वासे टोचल्यावर भुसभुशीत निघाले, भिंतीत टेकतात तिथूनच वाळवी चढली होती. ते बदलले. बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. कोकणात ते पूर्वापार लावतात, पण हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवू नये. कातडीवर फोड येतात.

एका वेळी छपराची एकच बाजू उघडायची, हा आप्पांचा नियम मला फार मोलाचा वाटला. मे अखेरीला वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि तो आलाच. ताडपत्री हाताशी होती, उघडी बाजूही लहान होती, म्हणून आतलं धान्य वाचलं. कौलं वळचणीपासून वर आढ्याकडे लावत न्यायची, शेवाळ ब्रशने घासूनच. वर चालताना पाय कौलाच्या मध्यावर द्यायचा नाही. जिथे खाली रीप आहे तिथेच द्यायचा. दोन छपरं मिळतात त्या पन्हळीतला पाला, माती काढल्यावर खालचा गंजलेला पत्रा दिसला, तोही बदलून घेतला. माझ्या मते जुन्या घरांची निम्मी दुखणी या पन्हळीतच असतात आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी रात्रभर बॅटरी घेऊन घरभर फिरलो. माजघर, ओटी, देवघर कोरडं होतं. पडवीच्या एका कोपऱ्यात मात्र पाणी येतंय. तिथे भिंतच किंचित खचलीय, त्यामुळे कौलांची ओळ सरळ बसत नाही. ते काम आता दिवाळीनंतर, चिरा सुकल्यावर. उरलेली कौलं गोठ्यात उभी करून ठेवलीत आणि शिडी आप्पांकडे. वानर येऊन गेले की ते एक फेरी मारून सरकलेली कौलं जागच्या जागी बसवतात.