बर्फ कुठंय?

"आई, बर्फ कुठंय?" राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेपाशी एका पोरीनं विचारलं. आईनं मोबाइलमधून मान न काढता उत्तर दिलं, "वितळला असेल."

ते 'वितळला असेल' काही डोक्यातून जाईना.

हे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथला समुद्र थंड, पण काठावर कोरडं वाळवंट, खडक, निवडुंगसुद्धा. चोचीच्या मुळाशी गुलाबी उघडी कातडी दिसते ना? पिसं नसलेल्या त्या भागातून अंगातली उष्णता बाहेर पडते. बर्फात राहणाऱ्याला अशी उघडी कातडी कशाला हवी?

मग आत एसी कशाला? मुंबईची हवा नुसती गरम नाही, दमट आहे. दमटपणात बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू फुप्फुसात गेले की पेंग्विन दगावतात. त्यामुळे हवा थंड ठेवण्याइतकंच ती स्वच्छ ठेवणंही महत्त्वाचं.

आणि एखादा फाटक्या गोधडीसारखा कोपऱ्यात उभा दिसला, तर लगेच 'आजारी आहे बिचारा' म्हणू नका. वर्षातून एकदा दोन-तीन आठवड्यांत सगळी पिसं बदलतात. तेवढ्या काळात अंगाला पाणी लागू नये म्हणून स्वारी पोहायला उतरत नाही.

बाग १८६२ची, हे पाहुणे २०१६चे. (बुधवारी बाग बंद असते, पोरांना घेऊन दारावरून परत फिरू नका.)

पोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. पण सेल्फी काढून झाल्यावर ते बघायला काचेसमोर थांबतं कोण?