खोटे पोटॅशियम

त्या सकाळी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना ऑबिनुटुझुमॅब या कर्करोगविरोधी औषधाचा पहिला डोस शिरेतून द्यायचा होता. त्यांच्या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे ३ लाख ४० हजारांवर गेल्या होत्या. आधी ऑबिनुटुझुमॅबने पेशींचा साठा घटवायचा आणि २२व्या दिवशी व्हेनेटोक्लॅक्स या दुसऱ्या औषधाच्या गोळ्या दिवसाला २० मिलिग्रॅमपासून सुरू करून तो डोस दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० मिलिग्रॅमवर न्यायची, असे ठरले होते. या क्रमामागे भीती असते ती ट्युमर लायसिसची, म्हणजे असंख्य पेशी एकदम फुटून त्यांतले पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उतरण्याची.

सलाईन लावण्यापूर्वीच निवासी डॉक्टर धावत आला. "मॅडम, पोटॅशियम ६.९ आलंय. इन्सुलिन भरून ठेवलंय."

एवढे पोटॅशियम हृदय बंद पाडू शकते आणि इन्सुलिन ते खाली आणते; पण मी आधी रुग्णाकडे पाहिले. ते शब्दकोडे सोडवत बसले होते. पोटॅशियम वाढले की ईसीजीच्या पट्टीवर टी लहरी उंचावतात, त्या जराही उंचावलेल्या नव्हत्या. क्रिएटिनिन, फॉस्फेट, युरिक ॲसिड सगळे जागेवर होते. औषधाचा थेंबही शरीरात गेलेला नसताना केवळ पोटॅशियम चढावे, हे मला पटेना. या आजारातल्या पेशी ठिसूळ असतात आणि त्या एवढ्या संख्येने असल्या की न्यूमॅटिक ट्यूबमधल्या, म्हणजे हवेच्या दाबाने नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणाऱ्या नळीतल्या, धक्क्यांनी बाटलीतच फुटतात, त्यामुळे वाढलेले पोटॅशियम रुग्णाचे नसून नमुन्याचे असते. निवासी असताना मी स्वतः अशाच आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिले होते आणि त्या रुग्णाचे मुळात ठीक असलेले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली आणले होते. ते सांगताना अजूनही जीभ जड होते.

मी दंडाला पट्टा न आवळता सिरिंजमध्ये रक्त घेतले, ते न हलवता स्वतः चालत ब्लड गॅस मशीनपर्यंत नेले. आकडा आला ४.२, अगदी सामान्य.

इन्सुलिन टाकून दिले. स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषध देऊन १०० मिलिग्रॅम ऑबिनुटुझुमॅब ताशी २५ मिलिग्रॅमच्या वेगाने सुरू केले. दुसऱ्या तासाला थोडी थंडी वाजली, औषध थांबवून पुन्हा चालू केले, एवढेच.

२२व्या दिवशी पांढऱ्या पेशी ५ हजारांवर आल्या होत्या. गोळी देण्यापूर्वी मी मुद्दाम दोन नमुने घेतले. ट्यूबमधून गेलेल्यात पोटॅशियम ४.४ निघाले, हाताने नेलेल्यात ४.३.